स्पेनमध्ये स्वस्तात मस्त तापास खायचेत? बार कसा निवडायचा ते वाचा

स्पेनची ट्रिप ठरली की सगळे आधी रेटिंग बघून रेस्टॉरंटची लिस्ट करतात आणि तिथेच गडबड होते, कारण तापास (एक असेल तर तापा), म्हणजे ड्रिंकसोबत खायच्या छोट्या प्लेट, हा प्रकार एका हॉटेलात बसून पोटभर जेवायचा नाहीच मुळी. एका बारमध्ये उभं राहायचं, एक ड्रिंक घ्यायचं, तिथली जी एखाद-दोन गोष्ट चांगली आहे ती खायची, पैसे द्यायचे आणि पुढच्या बारमध्ये जायचं. असं खाल्लंत तर स्पेन खिशाला झेपतं, आणि एकाच टेबलावर बसून मेन्यूतलं सगळं मागवलंत तर त्याच गल्लीत दुप्पट बिल होतं. तेव्हा खाली जे लिहिलंय ते बार कसा ओळखायचा आणि तिथे कसं खायचं या दोन्हीबद्दल आहे, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही.

पायरी १: आधी शहर बघा

तापास म्हणजे सगळीकडे एकच हिशोब असं नाहीये. दक्षिणेकडच्या आन्दालुसियामधलं ग्रनाडा, शेजारचं हाएन आणि आल्मेरिया, आणि वर उत्तरेकडे लेओन, इथे ड्रिंक मागवलं की सोबत एक तापा फुकट येतो. फुकट म्हणजे खरंच फुकट, बिलात फक्त ड्रिंक. ग्रनाडात साधारण अडीच ते साडेतीन युरोला छोटी बिअर आणि सोबत छोटी प्लेट, कधी तळलेले मासे, कधी भात, कधी छोटा बर्गरसुद्धा. बऱ्याच बारमध्ये काय येणार हे तुम्ही ठरवत नाही, किचन ठरवतं, आणि दुसऱ्या राउंडला वेगळी प्लेट येते.

सेव्हियात (आपण सेव्हिल म्हणतो ते) तापा विकत घ्यावा लागतो, पण तुम्हाला हवा तो निवडता येतो आणि साइझ छोटा असल्यामुळे तीन ते पाच युरोत काम होतं. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने सुरुवात सेव्हियातच करावी, इथे व्हरायटी जास्त आणि फसण्याचे चान्स कमी. माद्रिदमध्ये बिअरसोबत ऑलिव्ह किंवा वेफर्सची वाटी येते, बाकी पैसे देऊन. तिथे बऱ्याच ठिकाणी छोटा साइझ मिळतच नाही, मोठी प्लेटच घ्यावी लागते, त्यामुळे दोघंच असाल तर जपून. सान सेबास्तियान आणि बिल्बाओ म्हणजे बास्क भागात पिंचो, काउंटरवर मांडलेले, पावाच्या तुकड्यावर काहीतरी रचून काडी खोचलेले, प्रत्येकी तीन ते पाच युरो आणि चव जबरदस्त, पण पटापट उचलत गेलात तर बिल कधी वाढलं कळणार नाही. लोग्रोन्योची लाउरेल गल्ली याबाबतीत भारी आहे, तिथे कितीतरी बार एकच पदार्थ करतात, एकात फक्त मशरूम, लसणाच्या तेलात परतून पावावर रचलेले, वर एक छोटी कोळंबी, बस.

बार्सिलोनाचं काय, तर ही तिथली मूळची पद्धत नाही. चांगले जुने बार आहेत, पण रांब्लास या टुरिस्टांच्या रस्त्याच्या आसपास जे ‘तापास’ म्हणून बोर्ड लावून बसलेत ते टाळा, एवढंच.

पायरी २: घड्याळ स्पेनचं लावा

संध्याकाळी साडेसहाला भूक लागली म्हणून बाहेर पडलात तर जे बार जेवण देत असतील ते जवळपास सगळे टुरिस्टांसाठीच चालणारे असतील. तिथल्या लोकांचं दुपारचं जेवण दोन ते चार, त्याआधी एकच्या सुमाराला थोडं चरणं, मग किचन बंद, मग रात्री आठ-साडेआठनंतर परत चालू आणि खरी गर्दी नऊनंतर. म्हणजे नवख्यांसाठी बेस्ट वेळ दोन: दुपारी एक वाजता आणि रात्री साडेआठच्या सुमाराला. किचन नुकतं चालू झालेलं असतं, काउंटरला जागा असते, बारवाला अजून वैतागलेला नसतो आणि तुमच्या मोडक्या स्पॅनिशला वेळ देतो. आई-बाबा सोबत असतील आणि उभं राहणं जमणार नसेल तर हीच वेळ पकडा, भिंतीकडेची दोन-चार स्टुलं तेव्हाच रिकामी मिळतात. लहान मुलं असली तरी काही प्रॉब्लेम नाही, तिथे रात्री दहाला बारमध्ये पोरं खेळत असतात आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही. आतमध्ये सिगरेट २०११ पासून बंद आहे, धूर असतो तो बाहेरच्या टेबलांवर.

पायरी ३: बाहेरून काय बघायचं

दारात पायेयाचे (आपल्याकडे पाएला म्हणतात तो) रंगीत फोटोंचे बोर्ड, सहा भाषांतला लॅमिनेटेड मेन्यू, आणि एक माणूस ‘हॅलो माय फ्रेंड’ करत बोलावतोय, असं काही दिसलं की सरळ पुढे चालायला लागा. पायेया हे दुपारचं जेवण आहे, ताजा करायला वेळ लागतो आणि सहसा किमान दोन माणसांसाठीच करतात, त्यामुळे रात्री दहाला पाच मिनिटांत एका माणसाला पायेया आला तर तो फ्रीजरमधून आलाय हे समजून जा.

आता उलटं बघू. चांगल्या बारचा मेन्यू छोटा असतो, बऱ्याचदा खडूने पाटीवर लिहिलेला, आणि त्यातली एखादी ओळ पुसलेली असते कारण ते संपलं. ही पुसलेली ओळ मला सगळ्यात जास्त आवडते, कारण याचा अर्थ माल आज केलाय आणि आजच संपतोय. काउंटरवर वेगवेगळ्या वयाचे लोक असतात, पासष्ट-सत्तरीचे आजोबा, ऑफिसवाले, बाजूच्या दुकानातली बाई एप्रनसकट. फक्त पंचविशीतले फोनवाले दिसले तर ठीक, पण मला तो वयाचा मिक्स जास्त खात्रीचा वाटतो.

आणि एक, दिसण्यावर अजिबात जाऊ नका. पांढरी ट्यूबलाइट, कोपऱ्यात फुटबॉल चालू असलेला टीव्ही, जुगाराचं मशीन, जमिनीवर पडलेले कागदी नॅपकिन, हे बघून आपली माणसं ‘शी, किती घाण’ म्हणून बाहेर पडतात. जुन्या बारमध्ये नॅपकिन खाली टाकायचीच पद्धत होती आणि खाली जितके नॅपकिन तितका धंदा जोरात असं लोक म्हणायचे, आता ती पद्धत कमी होत चाललीये, डस्टबिन दिसली तर त्यातच टाका. उलट लाकडी क्रेट, पिवळे बल्ब आणि स्लेटच्या दगडावर वाढलेलं जेवण दिसलं की समजायचं की इंटेरियरचे पैसे पण आपल्याकडूनच वसूल होणार.

जुनं म्हणजे महाग असंही नाही बरं का. सेव्हियातलं एल रिनकोनसियो १६७० पासूनचं आहे, टुरिस्ट भरपूर जातात, तरी काउंटरला उभं राहून खाल्लं तर परवडतं, आणि तुमचा हिशोब बारवाला समोरच्या लाकडी काउंटरवरच खडूने लिहितो. प्रत्येक प्लेटला एक आकडा, खाली आकडे वाढत जातात, शेवटी रेघ मारून बेरीज, पैसे दिले की ओल्या फडक्याने एक हात फिरवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पाटी कोरी. माद्रिदमध्ये पुएर्ता देल सोलच्या बाजूला कासा लाब्रा आहे, १८६० चं, स्पेनचा समाजवादी पक्ष १८७९ मध्ये तिथेच स्थापन झाला, पण लोक रांग लावतात ती तळलेल्या बाकालाओसाठी, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचा मोठा तुकडा, वरून कुरकुरीत, आत पाकळ्या सुटणारा. एक तुकडा आणि एक क्रोकेता (ती काय ते पुढे सांगतो), उभ्याउभ्या, झालं काम.

पायरी ४: आत गेल्यावर एक टेस्ट ऑर्डर

आत शिरलं की टेबल शोधू नका. थेट काउंटरला, ज्याला ‘बारा’ म्हणतात, तिथे जागा करून उभं राहा, काचेच्या कपाटात काय ठेवलंय ते नीट बघा आणि पहिल्या राउंडला फक्त एक ड्रिंक आणि एक तापा मागवा. आवडलं तर दुसरा, नाही आवडलं तर चार-पाच युरोत सुटलात.

टेस्टसाठी माझी पहिली पसंती तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. काउंटरवर ठेवलेली असते, आख्खी किंवा कापलेली, आणि ती बघूनच अर्ध कळतं. कड एकदम मशीनने कापल्यासारखी गोल आणि रंग सगळीकडे सारखा पिवळा असेल तर ती फॅक्टरीतून पाकिटात आलेली आहे. घरची असेल तर कड थोडी वाकडी, वर कुठे कुठे तपकिरी डाग, कापल्यावर बटाट्याच्या चकत्या दिसतात वेगवेगळ्या जाडीच्या आणि मध्ये अंडं किंचित ओलं, काही ठिकाणी तर वाहतं. कांदा घालायचा की नाही यावर तिथले लोक अक्षरशः भांडतात. मी कांद्याच्या बाजूचा.

दुसरी क्रोकेता. आत घट्टसर व्हाइट सॉस आणि बारीक हामोन म्हणजे खारवलेला हॅम, बाहेर ब्रेडक्रम्ब, तळलेली. प्लेटमधल्या सगळ्या सेम टू सेम लांबीच्या असतील तर फ्रोजन. हाताने वळलेल्या असतील तर एक लहान एक मोठी, आणि चावली की आतलं जवळपास ओघळतं, त्यामुळे गरम असताना घाई करू नका, टाळू भाजते. पातातास ब्रावास, म्हणजे सॉस घातलेले तळलेले बटाटे, मागवलेत तर बटाट्याचे तुकडे बघा, सगळे एकसारखे चौकोन आणि सॉस केचपसारखा गोड असेल तर तिथे जास्त थांबायचं कारण नाही. ब्रावास तिखट असतं असं सांगतात, आपल्या जिभेला ते तिखट वगैरे काही नाही.

सेव्हियात असाल तर तळलेले मासे चुकवू नका. कासोन एन आदोबो मागवा, हा आपल्याकडच्या मोरीच्या जातीतला मासा, व्हिनेगर, जिरं, ओरेगानो आणि पाप्रिकात मुरवून तळलेला, जिऱ्याचा वास आला की एकदम घरचं वाटतं. याहून स्वस्तात हवं असेल तर तिथे ‘फ्रेइदुरिया’ म्हणजे फक्त मासे तळून विकणारी दुकानं असतात, वजनावर घ्यायचे, कागदात बांधून देतात.

हामोनबद्दल एक सल्ला, बजेट कमी असेल तर इबेरिकोची (इबेरियन जातीच्या डुकराचा हॅम) मोठी प्लेट टाळा, ती एकटीच वीस युरोच्या पुढे जाते. साधा सेर्रानो घ्या किंवा इबेरिकोचा छोटा तापा असेल तर तो. टांगलेल्या मांडीवरचा टॅग बघता येतो, २०१४ च्या नियमाप्रमाणे काळा म्हणजे शंभर टक्के इबेरिको आणि ओक झाडाची फळं खाऊन वाढलेलं जनावर, त्याखाली लाल, मग हिरवा, मग पांढरा. भाव सांगतात काळ्याचा आणि कापतात पांढरा असं होऊ नये म्हणून हे लक्षात असलेलं बरं.

पायरी ५: साइझ आणि जागा, पैसे इथे जातात

तापा म्हणजे छोटी प्लेट, ‘मेदिया रासिओन’ म्हणजे हाफ, ‘रासिओन’ म्हणजे फुल, जी तीन-चार जणांत वाटून खायची असते. भाव पाटीवर वेगवेगळ्या कॉलममध्ये लिहिलेले असतात. नुसतं पदार्थाचं नाव सांगितलंत तर वेटर मोठी प्लेट आणू शकतो, म्हणून दरवेळी ‘ऊना तापा दे’ आणि मग पदार्थ, असं बोला. टेबलावर किंवा बाहेर बसलात तर कित्येक ठिकाणी छोटा साइझ देतच नाहीत, आणि बाहेरच्या टेरेसचा भाव काउंटरपेक्षा जास्त असू शकतो. हे लिहून लावलेलं असेल तर कायदेशीर आहे, तेव्हा भांडून उपयोग नाही, आधीच बघा.

साधा हिशोब सांगतो. सेव्हियात दोघं जण, तीन बार, प्रत्येक ठिकाणी दोन छोट्या बिअर दोन-दोन युरोच्या आणि दोन तापा चार-चार युरोचे, म्हणजे एका बारचे बारा, तीन बारचे छत्तीस युरो आणि सहा वेगवेगळे पदार्थ खाऊन झाले. ग्रनाडात तीन युरोच्या हिशोबाने सहा ड्रिंक, अठरा युरो, खाणं त्यातच. कॅथेड्रलच्या चौकात खुर्चीवर बसून दोन मोठ्या प्लेट आणि संग्रियाचा (फळं घातलेली वाइन) जग मागवलात तर एकाच ठिकाणी याच्या वर जाता.

संग्रिया तर मागवूच नका खरं तर. तिथले लोक उन्हाळ्यात ‘तिंतो दे वेरानो’ पितात, रेड वाइन आणि लिंबू सोडा, अर्ध्या किमतीत मिळतं. छोटी बिअर म्हणजे ‘कान्या’, साधारण २०० मिली, मोठा ग्लास मागवला की निम्म्यात कोमट होतो. न पिणाऱ्यांनी ‘मोस्तो’ मागवावा, द्राक्षाचा रस, थंडगार आणि स्वस्त. ग्रनाडात कोल्ड्रिंकवरसुद्धा तापा येतो. आणि नळाचं पाणी फुकट द्यायलाच लागतं, २०२२ च्या कायद्यात ते आहे, ‘आगुआ देल ग्रिफो’ म्हणायचं, नुसतं पाणी म्हटलं तर बाटली येते आणि बिलात लागते.

पायरी ६: शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा

उपाशी राहणार नाही, पण बेसावध राहून चालणार नाही. तिथे ‘कार्ने’ म्हणजे मांस आणि हामोन हे त्यांच्या डोक्यात वेगवेगळे कप्पे आहेत, मासा तर अजूनच वेगळा. मी व्हेजिटेरियन आहे असं सांगितल्यावर ‘मग टूना घ्या ना’ असं अगदी प्रेमाने म्हणतात. मिक्स सॅलडमध्ये बहुतेक वेळा टूना असतो, भाज्या परतताना हामोनचे तुकडे टाकतात, सालमोरेहो नावाचं कोर्दोबाचं मस्त गार टोमॅटो सूप, तेही वरून उकडलेलं अंडं आणि हामोन भुरभुरून येतं. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून’. म्हणजे मांस नको, हॅम नको, मासा नको, टूना नको. लांबलचक वाटेल, पण एवढंच कामाला येतं. ग्रनाडात हे ड्रिंक मागवतानाच सांगा, प्लेट आल्यावर सांगून उपयोग नाही.

आता चांगली बातमी. सेव्हियाचं एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि छोले, जिरं-लसूण घालून, पावासोबत, हे बऱ्याच जुन्या बारमध्ये मिळतं आणि सहसा व्हेजच असतं (तरी विचारा). बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या, म्हणजे वांग्याचे तळलेले काप आणि वरून उसाची काकवी. हो, काकवीच, मालागाजवळच्या फ्रिहिल्याना गावात आजही ती बनते. पाद्रोनच्या मिरच्या, तेलात फोडी न करता आख्ख्या परतून जाड मीठ टाकलेल्या, दहा गोड निघतात आणि अकरावी झणका देते. पान कोन तोमाते म्हणजे टोमॅटो लावलेला पाव, मशरूम ‘अल आहियो’ म्हणजे लसणात परतलेले, मान्चेगो चीज, ऑलिव्ह. अंडं चालत असेल तर तोर्तिया आहेच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं मात्र खरंच अवघड आहे, त्यांनी फळं, चीज, ब्रेड, ऑलिव्ह यावर भागवावं आणि किचन असलेली रूम घ्यावी.

बीफ टाळणाऱ्यांनी ‘तेर्नेरा’, ‘वाका’, ‘बुएय’ हे शब्द ओळखून ठेवा. ‘आल्बोंदिगास’ म्हणजे मीटबॉल, त्यात बहुतेक वेळा बीफ आणि पोर्क मिक्स असतं. वजडी आवडणाऱ्यांनी माद्रिदमध्ये ‘कायोस’ मागवावं, पण ती गाईची असते हे माहीत असू द्या.

पायरी ७: ऑर्डर आणि बिल

बारवाल्याच्या नजरेला नजर मिळाली की ‘ओला’ म्हणा, मग ‘मे पोने दोस कान्यास’ म्हणजे दोन बिअर द्या. उगाच प्लीज-थँक्यूचा मारा करायची गरज नाही, बोलणं तिथे थेट असतं, त्याला उद्धटपणा समजू नका. वेटर येऊन विचारत नाही, तुम्हालाच हाक मारावी लागते, आणि बिलसुद्धा मागितल्याशिवाय येत नाही: ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’. बास्क भागात काही बारमध्ये काड्या मोजून बिल करतात, काड्या प्लेटमध्येच ठेवा. तिथेच गरम पिंचो पाटीवर लिहिलेले असतात आणि ऑर्डर दिल्यावर करतात, काउंटरवर तासभर पडलेल्यापेक्षा ते कधीही चांगले. हिल्दा मात्र गारच खायची, ऑलिव्ह, लोणच्यातली हिरवी मिरची आणि खारा अँचोव्ही एका काडीवर.

बिलात दहा टक्के टॅक्स धरलेलाच असतो. न मागता टेबलावर ठेवलेल्या पावाचे पैसे लागू शकतात, मेन्यूत लिहिले असतील तर देणं भाग आहे, नको असेल तर आल्या आल्या परत करा. टिपेची सक्ती नाही, सुटी नाणी राहिली तर ठेवतात, दहा-पंधरा टक्के वगैरे कुणी देत नाही.

रोज रात्री उभ्याने खाणं झेपत नसेल तर दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या, सोम ते शुक्र, साधारण तेरा ते सोळा युरोत दोन कोर्स, पाव, ड्रिंक आणि गोड किंवा कॉफी, बसून, आणि मग रात्री एखाद-दोन तापांवर भागतं. हा ऑफिसवाल्यांसाठी असतो म्हणून टुरिस्ट एरियातून दोन गल्ल्या आत गेलात की दर्जा वाढतो.

लास्ट म्हणजे सुट्ट्या. रविवारी रात्री आणि सोमवारी बरेच चांगले बार बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये सेव्हिया-माद्रिदचे कितीतरी मालक शटर ओढून, दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवून समुद्राकडे निघून जातात, त्यामुळे तारखा हातात असतील तर ऑक्टोबर किंवा एप्रिल बघा.